खिशातला फ्यूज

जोतीरामानं बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळाच. पंखा थांबला, आणि पाठीत कुणी बुक्की घातल्यासारखा पुन्हा फिरला. पडदा काळाच. मग

पुन्हा.

जोतीरामानं बटण दाबलं. पंखा फिरला, थांबला, फिरला. बावड्याच्या शिवारात, गावापासून लांब, चहूबाजूंनी उसात बुडालेल्या वस्तीवर, तीन खोल्यांच्या घरात एक अडतीस वर्षांचा गडी बनियनवर खुर्चीत बसला होता, आणि त्याच्या पुढ्यात

पुन्हा. असं जमायचं नाही. पहिल्यापासून सांगितलं पाहिजे.

कॉम्प्युटर दीपकचा. दीपक म्हणजे जोतीरामाचा धाकटा भाऊ. बारामतीत कुणा हौशी पोराकडून त्यानं तो जुना विकत आणला, वस्तीवर बसवला, इन्व्हर्टर घेतला आणि त्याची एक वायर खास या कॉम्प्युटरच्या सॉकेटला ओढली, लाईट गेली तरी खेळ तुटू नये म्हणून. मग दीपकला बारामतीच्या एमआयडीसीत नोकरी लागली, लग्न झालं, तिकडंच फ्लॅट झाला. छकुली झाली तेव्हा आई, म्हणजे जयवंताबाई, दोन महिन्यांसाठी म्हणून तिला सांभाळायला गेली. छकुली आता शाळेत जाते. वडील, म्हणजे आबा, तर त्याआधीच गेले होते. वस्तीवर राहिली डाळिंबाची बाग, थोडा ऊस, एक म्हैस, कॉम्प्युटर आणि जोतीराम.

कॉम्प्युटरवर दीपकचाच एक ट्रकचा खेळ होता. नुसता ट्रक चालवायचा. कुणाला मारायचं नाही, कुठं पोचायची शर्यत नाही. कुणीतरी खटपट्यानं त्यात आपला पुणे–सोलापूर हायवे जसाच्या तसा बसवलेला. भिगवणला डाव्या हाताला धरणाचं पाणी दिसायचं, इंदापूरला पूल लागायचा. संध्याकाळी सात वाजता सात-आठ जण आपापल्या घरून एकाच वेळी या रस्त्यावर उतरत आणि एकामागं एक निघत. बोलत बोलत. जोतीराम दीपकच्याच नावानं त्यात शिरला, दीपकनं कधीतरी घालून ठेवलेल्या पासवर्डावर. तो पासवर्ड दीपकलाही आता आठवत नव्हता. मशीनला तेवढा पाठ होता.

त्या ताफ्यात औशाकडचा सिद्धू होता.

बाकीचे येत-जात. सिद्धू रोज. त्याच्याकडं लॅपटॉप होता, पण हेडफोन नाही, त्यामुळं त्याच्या घरातला आवाज सगळा यायचा: त्याची आई शेरडांवर ओरडायची, कुणी दूध मागायला यायचं, कुकरची शिट्टी व्हायची. जोतीरामाचा कॉम्प्युटर जुना. गर्दी लागली की चित्र अडखळायचं आणि त्याची गाडी मागं पडायची. बाकीचे जात निघून. सिद्धू बाजूला घेऊन थांबायचा.

"या की पावणं," म्हणायचा. "बैल बदलू का?"

"तू हो म्होरं. मी येतो."

"म्होरं जाऊन काय करू, हळद लावून घिऊ?"

असं दीड वर्ष. सिद्धूचा फोन नंबर जोतीरामाकडं नव्हता. रोज बांधावर भेटणाऱ्याचा नंबर कोण घेतं?

आणि मागच्या आठवड्यात सिद्धू म्हणाला, ओमानचं काम झालं. खरा ट्रक, मोठा, एसीचा. शुक्रवारी रात्री गाडी. "शुक्रवारी सात वाजता एक शेवटची फेरी मारू. पुण्यापासनं पार टेंभुर्णीपतूर. मग मी जेवतो आन् निघतो. तिकडं गेल्यावर हे काय जमनार न्हाय बग."

जोतीराम म्हणाला, "बरं."

एवढंच म्हणाला. पण रात्रभर त्याच्या डोक्यात एकच घोळत राहिलं. शेवटच्या फेरीला तरी सिद्धूला थांबायला लागू नये. एकदा तरी दोन्ही गाड्या शेजारी शेजारी चालाव्यात.

इथून चूक सुरू होते.

फोनवर एक हिंदी बोलणारा पोरगा दिसला. तो सांगत होता, जुना प्रोसेसर फुकटात जोरात पळवा. याला ओव्हरक्लॉक म्हणतात. मशीन सुरू होताना एक कळ दाबून धरायची, निळा पडदा येतो, तिथं आकडे वाढवायचे. जोतीरामाला हे लगेच कळलं. डिझेल इंजिनाचा गव्हर्नर आवळला की इंजिन जादा फेरे घेतं. विहिरीत पाणी खोल गेलं की आबा तेच करत. पोरगा म्हणाला, थोडं थोडं वाढवा. जोतीरामानं पहिल्या दिवशी थोडं वाढवलं. चाललं. मंगळवारी दूध घालून आला आणि एकदम वाढवलं, वर करंटही चढवला.

पंखा फिरला. पडदा काळा.

पुन्हा.

"दादा, भंगारात घाल ते," दीपक फोनवर म्हणाला. मागं कंपनीचा भोंगा वाजत होता. "बारा वर्षांचं धूड हाय. काय करतुयस त्याच्यावर तू?"

"काय न्हाय. हवामान बघतो. बाजारभाव."

"ते फोनवर दिसतंय की."

"मोठं दिसतं त्याच्यात."

"चष्मा लाव मग." दीपक हसला. मग म्हणाला, "रविवारी ये. आई विचारत होती. छकुलीचं गॅदरिंग हाय."

"म्हैस हाय."

"म्हैस, म्हैस. तुझं लगीन लावून टाकू तिच्यासंगं."

दीपकला तोंडातून गेल्यावर कळलं. जोतीराम हसला, म्हणजे दीपकनं हसावं म्हणून हसला. लग्नाचा विषय घरात आता कुणी काढत नसे.

"ते सुरू कसं करायचं तेवढं सांग," जोतीराम म्हणाला.

दीपकनं सांगितलं. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो. वाढवलेले आकडे त्याच्या जिवावर लक्षात राहतात. करंट पूर्ण तोडायचा, सेल काढायचा, थोडा वेळ तसंच ठेवायचं. मशीन सगळं विसरून जातं आणि पहिल्यासारखं होतं.

"करंट पूर्ण तोड बरं का. नुसतं बटन बंद करून भागत न्हाय."

करंट तोडायचं जोतीरामाला शिकवायला नको होतं. विहीर चार चुलतभावांत, मोटारी चार, करंटची पेटी एक. एकजण मोटारीला हात घालून बसलाय आणि दुसऱ्यानं येऊन पेटी लावली, असं एकदा झालं होतं, थोडक्यात निभावलं. तेव्हापासून आबांचा नेम होता: स्विचवर भरवसा ठेवायचा नाही, फ्यूज काढायचा आणि पेटीवर न ठेवता खिशात घालायचा. पोरांच्या हातात तेच मुरलं. जोतीराम साधा बल्ब बदलायचा असला तरी आधी मीटरच्या बोर्डावरचा फ्यूज उपटून खिशात घाली. सॉकेटच्या बटणाकडं तो बघतही नसे.

फ्यूज खिशात. सेल बाहेर. बिडी ओढून झाली. सेल आत, फ्यूज बोर्डात.

पंखा. काळा.

पुन्हा, बुधवारी. आता सेल काढला तो तसाच घेऊन जोतीराम मोटरसायकलनं इंदापूरला गेला. नवा सेल टाकू, म्हणजे शंका नको. एसटी स्टँडच्या मागं एक कॉम्प्युटरचं दुकान होतं. मालक शिडीवर चढून दुसऱ्याच गिऱ्हाइकाच्या कॅमेऱ्याची वायर शोधत होता. जोतीरामानं खिशातून सेल काढून काउंटरवर ठेवला, त्याच्याबरोबर पांढरा चिनी मातीचा फ्यूजही टपकन बाहेर आला.

"हे काय, घरची लाईट खिशात घालून फिरता व्हय?" मालक शिडीवरनं म्हणाला.

"मशीन उघडी हाय घरी."

"घरी कोन हाय?"

"कोन न्हाय."

"मग फ्यूज कोन लावनार हाय?"

जोतीरामानं याचा विचार केला नव्हता. तो फ्यूज परत खिशात ठेवत म्हणाला, "सवय."

मालक खाली उतरला. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं, एवढं मात्र खरं. "ओव्हरक्लॉक केला. सेल काढला. करंट पूर्ण तुटला होता?"

"फ्यूजच काढला की. आत्ताबी काढलेलाच हाय."

"किती वेळ?"

"काल बिडीभर. आज घर सोडल्यापासनं."

मालकानं मान हलवली. "मग विसरायला पायजे होतं त्यानं. एवढ्या वेळात कुठलाबी बोर्ड विसरतो. न्हाय विसरला म्हंजे बोर्ड गेला. जास्त करंट दिलाय तुमी." तो नवा सेल देत म्हणाला, "टाकून बघा, पन आशा ठेवू नका. पायजे तर हितं आनून टाका, पुढच्या आठवड्यात बघतो."

"शुक्रवारच्या आत न्हाय व्हायचं?"

"शुक्रवारी काय हाय?"

ऊसतोडीच्या गाड्यांचा एक मोठा ताफा रस्त्यानं गाणी लावून चालला होता. तो जाईपर्यंत दोघांनाही बोलता येईना. तो गेल्यावर मालक पुन्हा शिडीवर चढला, आणि जोतीरामाला उत्तर द्यावं लागलं नाही.

वस्तीवर येऊन त्यानं नवा सेल घातला, फ्यूज लावला, बटण दाबलं. पंखा. काळा.

पुन्हा.

पुन्हा.

गुरुवारी जोतीरामानं बटण दाबलं नाही. बागेत फवारणी केली. संध्याकाळी सातला तो उंबऱ्यात बसला. खोलीत आवाज नाही म्हणजे काय असतं, हे दीड वर्षात तो विसरला होता. उसाची पाती वाजतात. म्हैस श्वास सोडते. कारखान्याच्या बाजूला आभाळ जरा उजळ दिसतं. त्यानं काही कारण नसताना आईला फोन लावला. आई म्हणाली, छकुलीला अभ्यासाला बसवलंय बाबा, मागनं करते. मागनं फोन आला नाही. येतही नसे, त्यात तिचा काही दोष नव्हता. छकुली झोपली की तिचाही डोळा लागे.

सिद्धू आता हायवेवर असेल. बाजूला घेऊन थांबला असेल का? कुणासाठी थांबलाय म्हणून विचारत असतील बाकीचे.

शुक्रवारी दुपारी त्यानं ठरवलं, मशीन झाकून कोपऱ्यात ठेवून द्यायचं. डोळ्यांपुढं नको. उसाच्या ट्रॉल्यांची धूळ येत होती म्हणून खिडकी लावलेली. खोलीत अंधार. वायरी सोडवायच्या तर आधी फ्यूज. हात आपोआप बोर्डाकडं गेला. फ्यूज खिशात टाकून तो मशीनच्या उघड्या डब्यापाशी वाकला, आणि आत, वायरींच्या गुंत्याखाली, एक दिवा दिसला.

हिरवा. बाजरीच्या दाण्याएवढा.

जोतीरामानं खिसा चाचपला. फ्यूज होता.

दिवा होता.

तो तसाच गुडघ्यांवर बसून राहिला. मग हळूच मागं वळून त्यानं धान्याच्या कोठीमागं बघितलं. तिथं इन्व्हर्टर होता, दीपकनं बसवलेला. गेली कितीतरी वर्षं लाईट गेली की तोच हा कॉम्प्युटर चालवत होता. जोतीरामाला हे ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. लाईट गेल्यावर सिद्धूला तो फुशारकीनं सांगायचाही, आमच्याकडं काय तुटत न्हाय म्हणून. पण ठाऊक होतं ते डोक्याला. फ्यूज काढणारा हात आबांच्या काळातला होता, आणि आबांच्या काळात घरात इन्व्हर्टर नव्हता. तो इंदापूरला दुकानात फ्यूज दाखवत उभा होता तेव्हाही इथं बंद घरात हा दाणा जळत होता, आणि मशीन एकही आकडा विसरलं नव्हतं.

त्यानं हात लांब केला आणि भिंतीतला प्लग ओढला. साधा प्लग. दाणा लगेच विझला नाही. मंद झाला, आणि मग गेला.

सेल काढला. म्हशीला वैरण टाकली. चहा केला आणि पूर्ण प्यायला. सेल घातला, प्लग लावला.

जोतीरामानं बटण दाबलं. पंखा फिरला. फिरतच राहिला. टुक् असा एक आवाज आला आणि पडदा उजळला.

मशीन म्हणत होतं, मला आजची तारीख माहीत नाही. आधी तारीख घाला.

तारीख मशीननं स्वतःच्या मनानं लिहून ठेवली होती: एक जानेवारी दोन हजार चौदा. सगळं विसरल्यावर त्याला आठवलेला पहिला दिवस. वर्षाच्या आकड्यावर जाऊन अधिकची कळ दाबली की वर्ष एकानं पुढं सरकायचं. एकदम शेवटचं वर्ष घालायची सोय असेलही. जोतीरामाला माहीत नव्हती.

चौदा. आबा ओसरीवर आहेत. आई चुलीपुढं, दीपक कॉलेजातून यायचाय. जोतीरामाला बघायला अकलूजची माणसं येणार आहेत.

दाबलं. अकलूजच्यांचा निरोप आला नाही.

दाबलं. स्थळं तीन. मुलगा शेती करतो म्हटल्यावर चहाचा कप अर्धाच ठेवून उठणारी.

दाबलं. आबा.

दाबलं. दीपकला नोकरी.

दाबलं. दीपकचं लग्न. धाकट्याचं आधी कसं, म्हणून आई चार दिवस जेवली नाही. मग जेवली.

दाबलं. सगळे घरात कोंडले होते ते साल. वस्तीवर इतकी माणसं पुन्हा कधी झाली नाहीत. बोट कळीवर जरा थांबलं.

दाबलं. दाबलं. आई दोन महिन्यांसाठी.

यानंतरची वर्षं कुठली कुठली, हे त्याला वेगळं सांगता आलं नसतं. त्यानं पटापट दाबली, आणि एक वर्ष जास्तीचं पुढं गेला, आणि परत मागं यावं लागलं.

ते झालं तेव्हा दिवस कासराभर वर होता. वेळ आहे असं त्याला वाटलं. पण चार दिवस बंद राहिलेला खेळ आता नव्यानं काय काय उतरवून घ्यायचं म्हणत होता, आणि फोनचं नेट मुंगीच्या पायानं. सहा वाजले. म्हशीची धार काढून आला तरी निम्मंच. सात वाजले. पट्टी सरकेना. सात वाजून गेले, आणि बरेच गेले. मग एकदाचा हायवे उघडला.

आकडे जुनेच होते. चित्र जुन्यासारखंच अडखळत होतं.

ताफा केव्हाच पांगला होता. नावांच्या यादीत एकच नाव हिरवं दिसत होतं. सिद्धू. इंदापूरच्या पुढं, रस्त्याच्या कडेला.

जोतीराम भिगवणहून निघाला; त्याची गाडी गेल्या वेळी तिथंच राहिली होती. धरणाचं पाणी तुकड्यातुकड्यानं मागं गेलं. इंदापूरचा पूल दोनदा गोठला. पुलापलीकडं, रस्त्याच्या डाव्या अंगाला, सिद्धूचा ट्रक उभा होता, मागचे लाल दिवे लुकलुकत. जोतीरामानं आपली गाडी त्याच्या मागं लावली.

"सिद्धू," तो म्हणाला.

उत्तर नाही. पण आवाज येत होते. खुर्ची सरकल्याचा. लांबवर कुत्रं. कुणीतरी पाय ओढत चालत होतं, थांबत होतं.

"सिद्धू, मी आलो. मशीन बंद पडली हुती."

पाय थांबले. "कोण बोलायलंय?" बाईचा आवाज आला. शेरडांवर ओरडणारा आवाज. जोतीरामानं तो दीड वर्ष ऐकला होता. फक्त आता जवळून.

"मी जोतीराम. बावड्याचा. सिद्धू हाय का?"

"अगं बया. ह्या डबड्यात हाईस व्हय तू." ती जवळ आली असावी. "मी रंगूबाई. सिद्धूची आई. गेला बग तो. आत्ताच समदे फाट्यावर गेलेत त्याला घालवायला. माझं गुडघं धरलंय, मी ऱ्हायले घरी."

"गेला का."

"लई वाट बगितली तुझी. ताट वाढलं तरी हितनं उठंना. म्हनला, बावड्याचं पोरगं लई हळू चालवतंय, पर येतंय. आजारी हुतास का?"

"न्हाय. मशीनच बंद पडली."

"झाली का बरी?"

"झाली आत्ता."

"चांगलं झालं." तिच्याही घरात दुसरा आवाज नव्हता. तिथला कुकर, तिथली माणसं, सगळं फाट्यावर गेलं होतं. "फोन कर की त्याला. नंबर हाय न्हवं तुझ्याकडं?"

दीड वर्षाचा मित्र आणि नंबर नाही, हे या बाईला सांगायची जोतीरामाला लाज वाटली.

"हाय," तो म्हणाला.

"मग झालं तर. काय सांगायचं असंल त्याला तर सांग, मी सांगते. तिकडं पोचल्यावर फोन येईल."

काय सांगायचं. आकडे, सेल, खिसा, हिरवा दाणा. "काय न्हाय. म्हनावं, जोतीराम आलता."

"सांगते." मग घराघरात विचारतात तसं तिनं विचारलं, "घरी कोण कोण असतंय रे लेकरा?"

"हायत की सगळे," जोतीराम म्हणाला. "आई हाय. भाऊ, भावजय. पुतणी हाय बारकी, छकुली."

"भरलेलं घर हाय म्हन की. मग आवाज कसा येईना कुणाचा?"

"जेवाय बसलेत."

"अन् तू हितं बसलास व्हय माझ्यापायी. ताटावर माणसं बसवून असं बसू नये. ऊठ." ती दटावणीच्या सुरात म्हणाली, पण जायची तिलाही घाई नसावी; हळूच खुर्चीत बसल्याचा आवाज आला. "मला तेवढं सांग, हे बंद कसं करायचं? चालूच ठेवून गेलाय. तापलंय बी."

जोतीरामाला माहीत होतं, हे बंद होण्याची काही गरज नाही. तापून तापून आपोआप झोपलं असतं ते. तोपर्यंत ती बोलली असती: गुडघ्याचं, शेरडांचं, सिद्धू लहान असतानाचं. त्यानं एवढंच म्हणायला हवं होतं, की बसा, जेवायला अजून वेळ हाय.

पण सगळे जेवायला बसले होते.

"मावशी, त्याला झाकण हाय बगा," तो म्हणाला. "वर उभं हाय ते. ते नुसतं खाली घ्यायचं. पुस्तक मिटतात तसं."

"मोडायचं न्हाय न्हवं?"

"न्हाय मोडत. हळू लावा."

"लावू?"

समोर सिद्धूच्या गाडीचे दिवे लुकलुकत होते.

"लावा," जोतीराम म्हणाला.